बर्थ

बाबांना म्हटलं, पोस्टडॉक शोधतेय.
ते म्हणाले, डॉक मला कळतो,
चौतीस वर्षं क्रेन चालवली.
पोस्ट म्हणजे नंतरचं ना?
मग डॉकनंतर काय असतं गं,
पाणीच की.

मी हसले. रात्री मात्र हसू आलं नाही.

सत्तेचाळीस पत्रं झाली.
प्रत्येकात तिसऱ्या ओळीला त्यांच्या शोधनिबंधाचं कौतुक.
एकदा ल्यूबेकच्या बाईंना
ल्यूवेनच्या बाईंचं कौतुक गेलं,
उत्तर त्याचंच सगळ्यात लवकर आलं.
बाकीचे : निधी मिळाला तर कळवू.
प्रयोगशाळावाले म्हणतात, तुम्ही तर कोडवाल्या.
कोडवाले म्हणत नाहीत, पण त्यांना
माझ्या हाताला फॉर्मलिनचा वास येत असणार.

परळला तिसऱ्या मजल्यावर
इनास डाबरे दर बुधवारी टाकीत नायट्रोजन ओततो.
पांढरी वाफ त्याच्या चपलांवरून जिन्याकडे जाते.
मॅडम, तुम्ही गेल्यावर या एकशेबारा जणांचं काय?
जण म्हणतो तो. गाठींचे तुकडे आहेत.
एक्केचाळीस नंबर संगमेश्वरची,
मशेरीनं काळे झालेले दात,
संमतीपत्रावर अंगठा टेकवताना तिनं विचारलं होतं,
ह्यातून माझ्या नातीला काय कळंल का?
माझ्या अर्जात ती
"नमुने : ११२" मध्ये आहे.

काल मुलाखत झाली. रात्री साडेअकरा,
गच्चीच्या जिन्यात, तिथेच नेटवर्क येतं.
एक अपयश सांगा, म्हणाले.
सांगितलं :
दोन बॅचची लेबलं दीड वर्ष अदलाबदल होती,
चूक माझी, सापडलीही मलाच,
दुरुस्त केली तेव्हा
आमचा सगळ्यात देखणा निष्कर्ष
ग्राफवरून पुसून गेला.
पडद्यावरचे तिघं गप्प.
एकजण खोकला.
कळवतो म्हणाले.

खाली आले तर बाबा जागेच,
शिवडीच्या आमच्या खिडकीशी.
दूर काळोखात पाच-सहा दिवे, न हलणारे.
ती बघ, म्हणाले, बर्थ नाही म्हणून उभी.
वीस-वीस दिवस नांगर टाकून राहतात कधी.
आतली माणसं काय करतात तोवर?
गंज खरवडतात. रंग देतात.
माल कुजत नाही ना, बघतात.
एखादा गळ टाकून बसतो.

आणि बर्थ मिळालाच नाही तर?

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
असं जहाज मी तरी पाहिलं नाही, म्हणाले.
मग थांबून,
पण मी क्रेनवर होतो ना,
मला आत आलेलीच दिसायची.

पाच वर्षं संख्याशास्त्र शिकले मी.
इतकी सरळ तळटीप
मला कधी लिहिता आली नाही.

चहा ठेवला. दोन कप.
मग एक्केचाळीस नंबरचं लेबल
उगाच पुन्हा एकदा तपासलं.
बरोबर होतं.