दिलं

पहिल्या दिवशी माझ्या वहीत एकच क्रियापद होतं: देणे.
दाता रक्त देतो. रक्तपेढी रक्त देते. सिस्टर रक्त देते.
मी एक टेबल आखलं, त्यात एक रकाना,
आणि खूश होऊन परसोडीला परतलो.

नंदेश्वर बाईंनी कागद पाहिला, चष्मा कपाळावर सारला.
"हे कोणाचं 'दिलं' आहे, बाप्पा?
खिडकीतून गेलेल्या पिशवीला तू 'दिलं' म्हणून राहिला.
माझ्यासाठी ती फक्त गेली.
पेशंटच्या हातात सुई आहे का, थेंब पडून राहिला का,
मले इथं बसून काय माहीत?"

मग मेडिकल चौकाजवळच्या त्या खोलीत
भिंतीवर चिठ्ठ्या लावल्या, संत्र्याच्या सालीच्या रंगाच्या.
प्रत्येकीवर घडून गेलेली एकच गोष्ट.
पिशवी भरली. तपासली. जुळली. गेली.
'चढली' हा शब्द वॉर्डातल्या शेंडे सिस्टरचा,
तिनं उभ्या उभ्या लिहिला, ड्युटी होती.

मे महिना. कूलर सुरू केला
आणि अर्धी भिंत फरशीवर.
बाई वाकून एकेक उचलत होत्या, लावत होत्या,
'गेली'नंतर थांबल्या. हातात काहीच नव्हतं.
"परत आलेली कुठं आहे?"
परत येते?
"येते ना. ऑपरेशन पुढं जाते. माणूस जाते.
अर्ध्या तासाच्या आत आली तं फ्रीजमध्ये जागा आहे तिला.
नंतर आली तं नाही.
आम्ही माहेरवाशीण म्हणतो."
असं म्हणून हसल्या; मग हसणं अर्ध्यात ठेवून
घड्याळाकडं पाहिलं, बावीस वर्षांच्या सवयीनं.

त्या रात्री मी ते टेबल पुसलं.
'देणे'चे तीन तुकडे केले, ज्याला त्याला आपली खोली,
आणि दारातून जाताना पिशवीनं सांगायचं
ती आता कोणाच्या भाषेत आहे.
चौथा शब्द तसाच टंकला, बाईंनी उच्चारला तसा.

पुण्याहून तपासणाऱ्यानं शेरा मारला:
हे काय नाव आहे? बदल.
मी खाली पेढीच्या खिडकीचा नंबर लिहिला,
दुपारी दोननंतर, बाई असतात.

त्यानं फोन केला की नाही, माहीत नाही.
नाव अजून तेच आहे.
काल पडद्यावर एक आली, सव्वीस मिनिटांनी,
ओ निगेटिव्ह.
बाईंनी माऊस सोडून आधी फ्रीजचं दार उघडलं.