रविवार धरून

हो, वायेनारच. नोल्फा बोलतेय.
खोल्या सहा, न्हाणीघरं दोन.
नाश्त्याला पाव, ऑलिव्ह, अंडं. अंड्याचे वेगळे पैसे नाहीत.
फुलं कधी येतील ते मात्र मला विचारू नका.

ग्रहणवाले बरे. ग्रहण मिनिटावर येतं.
चार वर्षं आधी पैसे भरतात,
एका रात्रीत चष्मे टाकून निघून जातात.
फुटबॉलवालेही बरे, सोडत निघाली की विमान शोधतात.
तुम्ही फुलांचे लोक.
तुम्हाला हवंय ते वाळूखाली निजलंय
आणि त्याला उठवायचं की नाही
हे जुलैतला पाऊस ठरवतो. आला तर.
माझ्या अंगणात एक बादली आहे.
तळाशी चार बोटं पाणी साचलं
की मी जास्तीच्या चादरी काढते.
सध्या तिच्यात कोंबडी बसते.

ओताकार म्हणून एक यायचे, ब्रनोचे,
जमीन मोजणी खात्यातून निवृत्त.
त्यांची वही: डावीकडे तारखा, उजवीकडे जग.
एप्रिल उजाडताना क्योतो,
जूनअखेर विम्बल्डन, रांगेत तंबू ठोकून,
मग मंगोलियातली घोड्यांची शर्यत,
मग मारा नदी, नूंचे कळप पाण्यात उड्या घेतात तो पंधरवडा.
सप्टेंबरसमोर आमचं वाळवंट, लाल शाईत.
सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण.
आमच्यापुढे नाही.

तीन सप्टेंबर आले. तिन्ही वेळा मी त्यांना
हमरस्त्याच्या कडेला नेऊन तेच दाखवलं:
दगड, वाळू, ट्रकांच्या टायरची लक्तरं.
इथेच आहेत, मी म्हणायचे.
कुठे?
पायाखाली. जरा बाजूला उभे राहा.
आणि ते खरंच बाजूला व्हायचे, टोपी काढून.

तिसऱ्या वर्षी, रविवारी घरात बसून काय करणार,
म्हणून माझा भाचा अदेमीर त्यांना सामन्याला घेऊन गेला.
खाणीतले फिटर विरुद्ध वास्को बाहोचे तेलघाणेवाले.
मैदान म्हणजे तीच वाळू, फक्त चुन्याची रेघ ओढलेली.
लाइनमनची दाढ दुखत होती. झेंडा आला यांच्या हातात.
सत्तराव्या मिनिटाला यांनी ऑफसाइड दिला
आणि अख्ख्या वायेनारने यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.
यांना अक्षर कळलं नाही.
मोजणी खात्यातला माणूस, झेंडा काही खाली घेईना.
रात्री सूप निवत ठेवून वही उघडली,
पेन धरून बराच वेळ नुसते बसले.
या सामन्याला रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी बादली भरली.
सान्तियागोहून बसच्या बस.
मी माझी खाटही भाड्याने दिली,
स्वयंपाकघरात बाकावर झोपले, शेहेचाळीस रात्री.
लोक सकाळी जायचे, सांजेला भाजून, खुळावून परतायचे,
जेवताना एकमेकांचे फोटो बघायचे.
मी फुलं चादरींवर पाहिली.
उशीवर पिवळी भुकटी,
टॉवेलला जांभळा डाग, लिंबानेही न जाणारा,
आणि कुणाच्या तरी खिशातून धुण्याच्या पाण्यात सुटलेली
एक लाल आन्यान्युका.
तोडायला बंदी आहे. तरी.
तिला मी वाळत घातली. चिमटा लावून, मोज्यांशेजारी.

ओताकारांना निरोप धाडला: आली. या.
उत्तर आलं, ते नॉर्वेत आहेत,
आकाशात हिरवा उजेड बघायला,
पैसे भरलेत, परत मिळत नाहीत.

तर बाई, तुम्ही या सप्टेंबरचं विचारताय.
बादली कोरडी आहे, खोटं कशाला बोलू.
पण खोली देते. कुठलीही घ्या,
चार नंबरची सोडून.
ती एका झेक माणसाने घेतलीय,
तारखेच्या जागी एवढंच लिहिलंय:
कुठलेही तीन दिवस,
रविवार धरून.