हाइरची चिलापी

या देशात एकही नदी नाही,
असं भूगोलात लिहून एक गुण मिळवला होता.
आता त्याच देशात शुक्रवारी पहाटे
काठी, डबा, घडीची खुर्ची घेऊन
मी नदीवर जातो.

रियाधच्या दक्षिणेला, हाइरकडे,
बोरूच्या बेटांतून वाहते ती.
उगम: सत्तर लाख माणसांच्या मोऱ्या.
कुणाची वजू, कुणाच्या बाळंत्यांचं पाणी,
भांडण झाल्यावर नळ सोडून कुणी रडलं असेल, तेही.
सगळं आमच्या प्लँटवर येतं.
गाळून, ढवळून, हवा भरून
आम्ही ते पुढे सोडतो.
मी रात्रपाळीचा ऑपरेटर,
म्हणजे तसं पाहिलं तर
नदी सोडणाऱ्यांपैकी एक.
हे कुणाला सांगत नाही. हसतील.

गळ बारीक, उलटा काटा कानशीनं घासून टाकलेला.
दोरा असा, की उन्हात नुसता संशय दिसतो.
तरंगा ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा,
टेंभुर्णीहून लुंगीत गुंडाळून आणलेला;
कस्टमवाल्यानं तो हुंगून परत दिला.
आमिष कालचा खुबूस, लसूण, चिमूटभर बडीशेप,
थुंकी लावून मळायचं, पाण्यानं नाही.

हे दगडू नगऱ्यांनी शिकवलं, उजनीच्या फुगवट्यावर.
"मासा गळाला भीत न्हाई रं,
तुझ्या घाईला भितो."
आणि चिलापी लागली की खच्चून शिवी:
"परमुलखातली भवानी!
आमची मरळ खाल्ली, आमची वांब खाल्ली,
आता माझं आमिष खाती."

इथं पहिल्या दिवशी तरंगा दोनदा थरथरला,
मग आडवा सरकत गेला
कचेरीतल्या फायलीसारखा, आणि गडप.
वर आली ती चिलापी.
काळसर पट्टे, पाठीवर फणी,
तोच हट्टी जबडा.
ओल्या हातावर तिला धरून
बराच वेळ काही सुचलं नाही.
शिवी द्यायला दगडू नव्हते.
सोडून दिली.

गेल्या महिन्यात गस्तीची गाडी थांबली.
उतरला तो पंचविशीचाही नव्हता.
इकामा बघितला. उलटा करून परत बघितला.
"खातोस?" नाही.
"विकतोस?" नाही.
"मग?"
माझं अरबी 'मग'पर्यंत पोचत नाही.
मी काठी त्याच्या हातात दिली.

नाव बंदर. आपल्याकडे होड्या लागतात ते,
त्यांच्याकडेही तेच.
समुद्र इथून चारशे किलोमीटर.
बूट चिखलात, टोपी गुडघ्यावर,
बंदर तरंग्याकडे बघत बसला.
गाडीतला वायरलेस दोनदा बोलला, तिसऱ्यांदा ओरडला.
पलीकडे बोरूत इद्रीस सुदानी मांगूर ओढत होता,
शिव्या देत, किंवा दुआ;
त्याच्या तोंडून दोन्ही एकाच चालीत येतात.

तरंगा हलला.
"थांब," मी म्हणालो. मराठीत.
तो थांबला.
परत हलला.
"थांब रं."

बुडाला तेव्हा त्यानं काठी अशी उपसली
की गळ, दोरा, भेंड सगळं बोरूवर जाऊन लटकलं
आणि पाण्यावर नुसतं एक वर्तुळ.
बंदर हसला नाही.
काठी तशीच आभाळात धरून
वर्तुळ विझेपर्यंत बघत राहिला.
मग दोन बोटांत माप दाखवलं: एवढी?
मी दोन्ही हात पसरले: एवढी.
खोटं होतं. नदीकाठी चालतं.

आज रात्री दोन वाजता मीटर वाचला.
विरघळलेला प्राणवायू पाच पूर्णांक दोन.
नियमाला चार पुरतो.
वहीत लिहिलं, सही केली,
आणि ब्लोअर जरासा वाढवला.
त्याला वहीत रकाना नाही.
उजाडलं की शुक्रवार.