निळं सूत

पहाटे पाचला पहिली गोळी.
बाहेर भरती चढतेय, चुलीत ओलं लाकूड फुसफुसतंय.
एवारिस्तो तसाच पडलाय, रात्री मी ठेवला त्या कुशीवर.
"हनुवटी खाली," मी म्हणतो. "आता गिळ."
तो गिळतो.
मग आम्ही दोघे वाट बघतो.

गोळी अंगात उतरायला पाऊण तास लागतो,
आणि तेवढा वेळ माझा भाऊ लाकूड असतो.
वाईट अर्थाने म्हणत नाही मी.
लाकूड आम्हा दोघांना कळतं.
त्यानेच शिकवलं होतं, दाल्काउएच्या किनाऱ्यावर, मी बारा वर्षांचा असताना :
रेषेच्या उलट रंधा मारू नकोस,
कुठल्या बाजूने ते राजी आहे, आधी बघ.
म्हणून बाही आधी आखडलेल्या हाताला,
मग दुसऱ्या.
म्हणून उठवताना मी त्याला ओढत नाही;
गुडघे वाकवतो, कूस वळवतो, पाय खाली सोडतो,
आणि थांबतो,
त्याच्या अंगाला बसणं आठवेपर्यंत.

अकरा वर्षं आम्ही बोलत नव्हतो.
आईच्या नावाची बोट, ती मी त्याला न विचारता विकली.
समेट वगैरे झालाच नाही.
त्याच्या नोएमीचा फोन आला पुंता अरेनासहून :
काका, बाबांना आता बटणं लागत नाहीत.
मी पिशवी भरली, आलो.
दार उघडायला त्याने इतका वेळ लावला
की मला वाटलं, अजून रागातच आहे.

स्वयंपाकघराच्या दारात तो अडतो.
समोर चार पावलांवर खुर्ची, रस्सा निवतोय,
आणि पाय फरशीला खिळलेले, टाचा नुसत्या फडफडतात.
पहिल्या आठवड्यात मी "चल ना!" म्हणून ओरडलो होतो.
त्या दिवशी तो अजिबात हलला नाही.
दवाखान्यातल्या बाईने सांगितलं, जमिनीवर रेघा मारा.
मग त्याच्याच शेडमधून सुताराची दोरी आणली,
निळी भुकटी चोळली,
एक टोक त्याच्या मुठीत दिलं.
मूठ मिटली तसा हात थरथरायचा थांबला.
"ताण," तो म्हणाला. ऐकू येईल न येईल असा.
मी सूत झटकलं.
त्याने बराच वेळ खाली पाहिलं.
"तिरकी आहे."
होती. अर्ध्या बोटाने.
पुसून पुन्हा मारली.
आता तो त्या रेघा ओलांडत येतो,
बांधायला घेतलेल्या बोटीत फासळी-फासळीवरून पाय टाकावा तसा,
आणि पुसट झाल्या की मला बोटाने दाखवतो.

रस्सा घट्ट करावा लागतो, पाणीसुद्धा.
मांस रात्रीला, गोळीच्या वाटेत यायला नको म्हणून.
दाढी एक दिवसाआड. गाल ताणून धरला की
माझ्या अंगठ्याखाली वडिलांचा जबडा लागतो.
संध्याकाळी कोपऱ्यात त्याला एक भिजलेला मुलगा दिसतो.
आधी मी वाद घालायचो.
आता टॉवेल नेऊन खुर्चीवर ठेवतो.

रात्री दोनला कूस बदलायला गेलो तर जागा होता.
ओठ हलले. मी कान तोंडाशी नेला.
"बोट. कोणी घेतली?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
"केमचीच्या एका माणसाने," मी म्हणालो,
आणि मग, अंधार होता म्हणून, बाकीचंही :
"धक्क्याशेजारी पालथी पडलीय. कोंबड्या राहतात तिच्याखाली."
चुलीचं झाकण वाजलं वाऱ्याने.
"कोंबड्या," तो म्हणाला.
चेहरा तर त्याचा कधीचाच हलत नाही.
खांदा हलत होता, माझ्या तळव्याखाली, बराच वेळ.
हसणं होतं की आजार, मी विचारलं नाही.
उशी पाठीमागे सारली,
चारचा गजर लावला.