बाकी दोन

पोसो आल्मोंतेच्या रात्रशाळेत ट्यूबलाइट एकच,
तीही डोळा मारणारी.
नोल्बेर्ताबाई फळ्यावर ओळीने लिहितात
आयोडीन आयोडीन आयोडीन
आणि वर कोपऱ्यात उण्याची एक रेघ,
दाराशी थांबलेल्या माणसासारखी.

मला हसू येतं. दिवसभर हेच तर उपसतो आम्ही
वाळवंटाच्या खारट दगडातून.
माझी नखं कायमची तपकिरी,
बायको म्हणते, तू हात लावलास की पाव निळा पडतो.

आधी मोजा, बाई म्हणतात, चित्र मग.
सात त्रिक एकवीस.
हातचा एक. बावीस.
हा हातचा आला कुठून, येर्को विचारतो.
(येर्कोकडे महिनाभर एक बाई आहे,
कोल्चानेची हद्द रात्री पायी ओलांडलेली,
सोबत मुलगी. तो बोलत नाही,
पण आमची भिंत एकच.)
कुठून ते राहू दे, बाई म्हणतात. मोजणीत धर.

दोन रेघांत चार गेले. उरले अठरा.
टोकाच्या दोघांना सहा-सहा ठिपके,
त्यांची आठाची भरती झाली, ते गप्प.
मधल्याला चार दिले, त्याचेही आठ.
आणि बाकी दोन.

मी खोडलं. पुन्हा मांडलं. बाकी दोन.
तिसऱ्यांदा खोडताना कागदच फाटला,
मधल्या अणूच्या जागी भोक.

खोडू नकोस रे, ते दोनही त्यालाच दे.
पण आठच ना, बाई? मंगळवारी तुम्हीच...
मंगळवारी कार्बन होता. तो लहान,
त्याला नववा सोसत नाही.
हा थोराड आहे.

मग मावतात कुठे?
बाईंनी खडू खाली ठेवला, बोटं पदरासारखी शालीला पुसली.
मी शिकले तेव्हा सांगायचे, वर एक रिकामा माळा असतो.
आता म्हणतात, माळा वगैरे काही नाही,
भार टोकाचे दोघे वाटून घेतात थोडा थोडा.
मला विचाराल तर हा नुसता हिशेब आहे,
फोटो नव्हे. पण ताळा जमतो.

नव्या पानावर मी मधल्याच्या कमरेभोवती
तीन जोड्या ठिपके दिले.
दोन्ही टोकं आपोआप सरळ रेषेत आली.
दहा, मी म्हणालो. बावीस जमले.
येर्कोने माझ्या वहीतून उतरवून घेतलं.

रात्री बटाटा चिरताना नख लागलं
आणि पांढऱ्या कापावर उमटली
एक काळीनिळी रेघ.
बायकोने तेवढा तुकडा काढून टाकला.
मी तो उचलून दिव्याखाली धरला.
भिंतीपलीकडे झोप न आलेली ती मुलगी
मोठ्याने आकडे म्हणत होती,
सहा, सात, आठ,
खोकली,
नऊ.