अक्षरं दाखवा

डंडीतली नवी खोली. खोक्यावर लॅपटॉप.
हवा होता फक्त इथलाच पासवर्ड, फोनसाठी,
राउटरवरची चिठ्ठी चहाने पुसलेली.
उघडली तर यादी लांबतच गेली:
लीथची लाँड्री.
रुग्णालय, पाहुण्यांकरता. (अकरा रात्री.)
मिसेस ऑगिल्वी, वरचा मजला.
खूण केली, आणि आठ ठिपक्यांतून
त्यांचं कुत्रं कान झाडत उठलं: टॅटी, शून्य नऊ.
कुत्रं गेलं, घर विकलं,
यंत्राला कुणी कळवलंच नाही.

मग हेमांगीचा फ्लॅट.
गॅसच्या बिलावरून चार वर्षं अबोला.
तेव्हा तिने स्वतःच टाइप केला होता,
मला भिंतीकडे तोंड करायला लावून.
आज वाचला. रोमन अक्षरांत, सलग, जागा न सोडता:
दारनुसतंलोटलंय