वीस गेजचा पत्रा

डॉक्टर म्हणाले, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.
आमचं शटर किती किलोचं
हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.
एकवीस वर्षं हे वाकायचे, हँडलला हात घालायचे,
पत्रा खडखडत वर जायचा
आणि मी वर कुकर बंद करायचे.

द्वारकेजवळच्या दुकानात तौफिकने विचारलं,
'रुंदी? उंची? पत्रा किती गेजचा?'
चिठ्ठीवर मी लिहून नेलं होतं: नऊ बाय आठ.
गेजचं काही लिहिलं नव्हतं.
हे बाहेर स्टुलावर,
खोकला आला की छातीशी दाबायची ती उशी घेऊन बसलेले,
तिथूनच म्हणाले, 'वीस.'

तौफिकने हिशेब केला. नव्वद किलो, थोडं इकडेतिकडे.
मी ह्यांच्याकडे पाहिलं.
हे समोरच्या रिक्षांकडे.

'मधली मोटर स्वस्त पडेल,' तो म्हणाला.
'लाइट गेली तर?
आमच्याकडे शनिवारी जाते, दुपारपर्यंत नसते.'
'एक वायर असते. ती ओढायची,
मग शटर हाताने उचलायचं.'
त्याने उचलायचं म्हटलं
आणि ती मोटर माझ्या मनातून उतरली.

'मग साइडची घ्या. तिला साखळी असते,
रहाटासारखी. हळूहळू येतं,
पण बाई एकटी ओढू शकते.'
मग जरा चपापून, 'म्हणजे, कुणीही.'

ओझरला ह्यांनी तेहतीस वर्षं
विमानांची पोटं उघडली, मिटली.
'आमच्या हँगरची दारं,' हे उशीवरून म्हणाले,
'दोन मजले उंच. बोटाने ढकलायचो.'
चौघं लागायचे. एका सव्वीस जानेवारीला
आम्हा बायकांना आत सोडलं होतं, तेव्हा पाहिलंय मी.
पण तौफिक 'क्या बात है' म्हणाला,
आणि मी साखळी ओढून बघत राहिले.

लेकीचा वाकडहून फोन:
'आई, मोबाइलवरून चालणारं घे ना,
बंद केलंस की नाही मला इथून दिसेल.'
मला माझं शटर
वाकडहून कुणी बघायला नको होतं.

गाडी आता मीच चालवते.
पाथर्डी फाट्याच्या मैदानात शिकले,
साठीला दोन कमी असताना,
पंचवीस वर्षांच्या पोराकडून, जो सारखा
'काकू, क्लच' म्हणायचा.

बिल कुणाच्या नावाने?
ह्यांनी पाकीट काढलं होतं.
कुंदा आहिरे, मी म्हटलं.
वॉरंटी दोन वर्षं, गिअरबॉक्सची एकच.

सेन्सरची परीक्षा ह्यांनी घेतली.
आधी द्राक्षांचा रिकामा क्रेट, मग जुनी चप्पल,
मग मी नको नको म्हणत असताना
स्वतःचा पाय.
शटर थबकलं,
कुणीतरी नाव विसरल्यासारखं,
आणि परत वर गेलं.
'ह्याला अक्कल आहे,' हे म्हणाले.
दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले
आणि लगेच उशी शोधू लागले.

जानेवारी आहे. सकाळी पत्रा हाताला चावतो.
हे कानटोपी घालून खाली येतात, माझ्या आधी,
आणि जुन्या हँडलपाशी उभे राहतात.
मी बटण दाबते. मोटर घरघरते.
पत्र्याबरोबर ह्यांचा हात
न टेकता, एक बोट अंतर ठेवून,
गुडघ्यापासून खांद्यापर्यंत,
डॉक्टरांनी मना केलेल्या उंचीपर्यंत
वर जातो.

दुसरा रिमोट फ्रीजवर आहे,
अजून प्लास्टिकमध्येच.

मी गाडी बाहेर काढते, हॉर्न देते.
मुंबई नाक्याला तपासणी आहे,
अकराची वेळ,
आणि हे अजून बिजागरी नसलेल्या त्या दाराच्या
पट्ट्या मोजतायत.